केरेन्सिया: ओढ, ठिकाण की सवय?

शब्दवेडी
स्पॅनिश लेखांच्या एका संग्रहाचं मराठी भाषांतर चालू आहे. त्यात 'केरेन्सिया' हा शब्द पानोपानी भेटतो. इंग्रजी भाषांतर हाताशी आहे, पण त्यात दर वेळी नवाच शब्द वापरलाय, त्यामुळे गुंता वाढलाय. पाच वाक्यं देते, मूळ उच्चार देवनागरीत:

१. 'एल तोरो तिएने केरेन्सिया आ ताब्लास.' बुलफाइटचं वर्णन: बैलाला फळ्यांकडे केरेन्सिया आहे. इंग्रजीत 'हॉन्ट'.
२. 'एल काबायो तिरा पारा ला केरेन्सिया.' अर्जेंटिनातला घोडा केरेन्सियाकडे ओढतो. इंग्रजीत 'होमिंग इन्स्टिंक्ट'.
३. 'एल एक्स्त्रेमो तिएने केरेन्सिया पोर ला बान्दा इस्किएर्दा.' फुटबॉलचं समालोचन: बगलेवरच्या खेळाडूला डाव्या बगलेची केरेन्सिया आहे. इंग्रजीत 'टेंडन्सी'.
४. 'नुएस्त्रा केरेन्सिया', म्हणजे 'आमची केरेन्सिया', अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यावरच्या लेखात. एका परिच्छेदात 'होमलँड', पुढच्यात 'सेन्स ऑफ प्लेस'.
५. 'से आकेरेन्सियो एन एल पुएब्लो.' बाहेरून आलेला माणूस गावात राहिला, त्याच्याबद्दल. इंग्रजीत 'सेटल्ड डाउन'.

सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द आहे का? 'ओढ' दुसऱ्या वाक्यात चपखल बसतो, पहिल्यात आणि चौथ्यात लंगडा पडतो. शब्द तसाच ठेवून तळटीप द्यायची पळवाट आहे, पण पाच तळटिपा कोण वाचणार?

बोलघेवडा
एका शब्दाला सहा इंग्रजी शब्द! भाषांतरकाराला शब्दागणिक पैसे मिळत असणार.

निरुक्त
आधी मूळ बघू. लॅटिनमध्ये 'क्वाएरेरे' म्हणजे शोधणं. इंग्रजीतले क्वेस्ट, क्वेरी, इन्क्वायर, अक्वायर याच घराण्यातले. इटालियनमध्ये त्याचं 'किएदेरे' झालं, म्हणजे विचारणं किंवा मागणं. स्पॅनिशमध्ये मात्र 'शोधणं'चं 'हवं असणं' झालं आणि तिथून 'जीव लावणं'. म्हणून 'केरेर' या एकाच क्रियापदात इच्छाही आहे आणि प्रेमही. निर्जीव गोष्टींनाही ते लागतं: 'किएरे योवेर' म्हणजे पाऊस येऊ पाहतोय. 'येऊ पाहतोय'मधलं हे 'पाहणं' इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे.

'केरेर'ला 'एन्सिया' हा भाववाचक प्रत्यय लागून केरेन्सिया झाला. स्पॅनिश राजअकादमीच्या कोशात त्याचे अर्थ असे: प्रेम करण्याची क्रिया, माणसाची किंवा काही प्राण्यांची वाढल्या जागी किंवा नेहमीच्या जागी परत जाण्याची प्रवृत्ती, ती जागाच, आणि बुलफाइटच्या मैदानातली बैलाच्या पसंतीची जागा. म्हणजे ओढ आणि ओढीचं ठिकाण, दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीची अडचण इथेच होते. 'हॉन्ट' म्हटलं की जागा येते, ओढ जाते. 'इन्स्टिंक्ट' म्हटलं की ओढ येते, जागा जाते.

याच्यासारखे दिसणारे तीन शब्द नवख्यांना हमखास चकवतात. कारेन्सिया म्हणजे उणीव, क्रेएन्सिया म्हणजे श्रद्धा, केरेया म्हणजे तक्रार किंवा फिर्याद. घाईत वाचलं की 'गावाची ओढ'चं 'गावातली टंचाई' होऊन बसतं.

उच्चार: 'क्यू'नंतरचा 'यू' मुका, म्हणून 'क्वेरेन्सिया' नाही. आघात 'रेन'वर. स्पेनच्या बहुतेक भागात 'केरेन्थिया', लॅटिन अमेरिकेत 'केरेन्सिया'. तुमच्या लेखांत बुलफाइटवाला स्पेनचा आणि घोडा अर्जेंटिनाचा असेल, तरी मराठीत एकच लेखन ठेवा, नाहीतर वाचकाला दोन शब्द वाटतील.

मधलीसुट्टी
वाचतेय. 'काबायो' की 'काबाशो'? अर्जेंटिनाची माणसं 'श' करतात ना?

निरुक्त
ब्वेनोस आइरेसच्या बाजूला 'काबाशो', बरोबर. पण भाषांतरात घोड्याचा घोडाच होणार आहे, तेव्हा तो वाद इथेच सोडू.

आखाडा
पहिल्या वाक्यावर सविस्तर लिहितो, कारण लाक्षणिक अर्थ बराचसा या मैदानातून बाहेर पडलाय आणि 'हॉन्ट' तिथे सपशेल चूक आहे.

मैदान गोल, वाळूचं. स्पेनच्या १९९६ च्या नियमावलीनुसार कायमस्वरूपी मैदानाचा व्यास ४५ ते ६० मीटर. कडेला लाकडी फळ्यांचा कठडा, त्यालाच 'ताब्लास' म्हणतात. कठड्यापासून ७ आणि १० मीटरवर वाळूत दोन वर्तुळं आखलेली. ती घोड्यावरच्या भालेवाल्यासाठी असतात, पिकादोर म्हणतात त्याला. कठड्यालगतची पट्टी ताब्लास, मधली तेर्सियो, आणि मैदानाचा मध्य म्हणजे मेदियोस.

आता बैल. चार वर्षांवरचा, मोकळ्या कुरणात वाढलेला, पायी चालणाऱ्या माणसाशी कधी झुंज न घेतलेला. तो अंधाऱ्या खणातून एका दरवाजाने आत येतो. त्या दरवाजामागे खण आणि त्यामागे सोबतचे बैल, म्हणून तो दरवाजा, म्हणजे 'तोरिलेस'चा (बैलांच्या खणांचा) दरवाजा, ही त्याची नैसर्गिक केरेन्सिया. कठडाही नैसर्गिकच, कारण तिथे पाठ झाकली जाते. नैसर्गिक म्हणजे बैल पाहण्याआधीच सांगता येते ती.

दुसरी आगंतुक. ती खेळ चालू असताना तयार होते. एका जागी बैलाने घोडा उलथवला, किंवा माणसाला उडवलं, की नंतर तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. पाणी मारलेली थंड वाळू असेल तर तिथेही. १९२८ मध्ये पिकादोरच्या घोड्याला जाड गादीचं चिलखत सक्तीचं झालं. त्याआधी मैदानात घोडे मरून पडायचे आणि बैल मेलेल्या घोड्याशी जाऊन उभा राहायचा. जुन्या वर्णनांत ही केरेन्सिया फार येते, आजच्या वर्णनांत येत नाही. तुमचा लेख कोणत्या काळातला आहे ते तपासा.

आता यात धोका काय? केरेन्सियात उभा असलेला बैल चाल करून येत नाही, तो राखण करतो. मान खाली, श्वास सावरलेला, माणूस शिंगांच्या टप्प्यात आला की तेवढ्यापुरता झटका. शेवटी तलवार खुपसायला माणसाला बैलाच्या शिंगांवरून जावं लागतं आणि त्यासाठी बैलाने पुढे यायला हवं असतं. तो आला नाही तर सगळं ओझं माणसावर. शिवाय बैल आणि त्याची जागा यांच्या मधे उभं राहणं म्हणजे आत्मघात, कारण जागेकडे परतताना बैल सरळ आणि दुप्पट जोराने धावतो, कापडाकडे बघतही नाही.

म्हणून पहिल्या दोन मिनिटांत सगळे फक्त बैल कुठे थबकतो ते बघत असतात. मग लाल कापड खालून फिरवत त्याला पावला-पावलाने मेदियोसकडे काढायचं. वेळही मोजकी असते: शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर १० मिनिटांनी पहिला इशारा, मग ३ मिनिटांनी दुसरा, मग २ मिनिटांनी तिसरा. तिसऱ्यानंतर बैल परत खणात. तेव्हा त्याला हाकलत नाहीत, खच्ची केलेले बैल मैदानात सोडतात, 'काबेस्त्रोस'. त्यांच्यामागे तो निघून जातो, म्हणजे एक केरेन्सिया सोडवायला दुसरी वापरायची.

यातच एक लबाडीही आहे. बैल नाखूश असेल तर त्याला केरेन्सियाच्या दिशेने कापड दाखवायचं. तो धावतो घराकडे, प्रेक्षकांना वाटतं कापडावर आला. जाणकार तिथे टाळ्या वाजवत नाहीत.

हे सगळं 'हॉन्ट'मध्ये कुठे आहे? 'हॉन्ट' म्हणजे ऊठबस असलेली जागा, फार तर भुताचा वावर. ज्या बैलाला मैदानात येऊन पाच मिनिटंच झालीत, त्याची कसली आलीय ऊठबस?

बोलघेवडा
दंडवत. आता धागा बैलांचाच होणार.

करुणाष्टक
इतक्या रसाळपणे एका जनावराच्या हालांचं वर्णन करायची गरज होती का? शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगता आला असता.

आखाडा
एका ओळीत सांगितला की 'हॉन्ट' होतो. खेळाचं समर्थन केलेलं नाही. कोलंबियाच्या संसदेने २०२४ मध्ये बंदीचा कायदा केला, कॅनरी बेटांवर १९९१ पासून नाही, कॅटलोनियात २०१० ची बंदी २०१६ मध्ये न्यायालयाने रद्द केली. खेळ राहील की जाईल ते ठरेल तेव्हा ठरेल, भाषांतरकाराला मजकूर समजावाच लागतो.

गप्पिष्ट
तो इंटरनेटवरचा मजकूर कुठून आला मग? 'केरेन्सिया म्हणजे जिथे आत्म्याला घरी आल्यासारखं वाटतं', खाली हेमिंग्वेचं नाव, मागे सूर्यास्त.

आखाडा
हेमिंग्वेच्या १९३२ च्या बुलफाइटवरच्या पुस्तकात हा शब्द आहे आणि इंग्रजी वाचकांत तो बराचसा तिथूनच पसरला. पण तिथे तो मैदानातल्या जागेबद्दल आहे: त्या जागी बैल जास्त धोकादायक होतो, बाहेर न काढता मारायला गेलात तर शिंग लागेल, असा. सूर्यास्त नंतर कुणीतरी जोडला.

गप्पिष्ट
म्हणजे योगवर्गाचं नाव 'केरेन्सिया' ठेवणाऱ्यांनी शिंगं सांभाळावीत.

समई
'कम्फर्ट झोन' चालेल का पहिल्याला? तरुण वाचकांना लगेच कळेल.

निरुक्त
नको. 'कम्फर्ट झोन'मधून माणसाने बाहेर पडावं असा उपदेश त्या शब्दालाच चिकटलेला आहे. केरेन्सियात उपदेश नाही. शिवाय तिथे बैल सुखात नसतो, सगळीकडून कोंडीत सापडलेला असतो.

खुंटा
मराठीत जनावरांबद्दलचे शब्द शोधायला स्पॅनिश कोश कशाला? गोठ्यात जा.

नवं आणलेलं जनावर चारा टाकतं, हंबरतं, दाव्याला हिसके देतं. सुटलं तर थेट जुन्या मालकाच्या दारात. ही 'ओढ', म्हणजे आखाडा यांची नैसर्गिक केरेन्सिया. गाडीचा बैल शेताकडे जाताना रेंगाळतो आणि घराकडे तोंड केलं की कासरा आवरावा लागतो, तीही हीच. पुढे ते जनावर नव्या दावणीला 'रुळतं'. हे झालं पाचवं वाक्य.

आणि आगंतुक केरेन्सियाला तर तयार शब्द आहे: 'सोकावणं'. एकदा कुंपण मोडून मक्यात तोंड घातलं, मार बसला नाही, की दुसऱ्या दिवशी तिथेच. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण त्याच अर्थाची. एका जागी एकदा साधलं म्हणून पुन्हा तिथेच येणं. घोडा उलथवलेला बैल काय वेगळं करतो?

आखाडा
'सोकावणं' झकास आहे, पण पूर्ण बसत नाही. सोकावण्यात फायद्याची चटक असते आणि बोलणाऱ्याचा राग असतो. म्हणीतला काळ सोकावतो तो आपल्याला नको असतो. घोडा उलथवलेल्या बैलाला लागू पडेल. पण जखमी होऊन कठड्याला टेकलेला बैल सोकावलाय असं म्हणणं क्रूर वाटेल. त्याला मिळालंय काय?

खुंटा
मग तिथे 'ठाण मांडलं' म्हणा. जनावर रस्त्यात बसलं की 'ठाण मांडलंय, उठत नाही' असंच म्हणतात. त्यात जागा आहे, हट्ट आहे, आणि हलवणाऱ्याची पंचाईतही आहे. 'ठाणबंद' घोडा म्हणजे ठाणावर बांधलेला, तेव्हा शब्दाला जनावरांचा वास आहेच.

आखाडा
हे मान्य. 'बैलाने फळ्यांशी ठाण मांडलं.' 'हॉन्ट'पेक्षा शंभर पटीने बरं. फक्त एक बघा: मूळ वाक्यात 'तिएने' आहे, म्हणजे कल आहे, तो अजून तिथे पोचलेला असेलच असं नाही. मागचं-पुढचं वाक्य पाहून 'फळ्यांकडे ओढतोय' की 'ठाण मांडलंय' ते ठरवा.

बोलघेवडा
ठाण्याच्या लोकांनी या चर्चेची नोंद घ्यावी.

पम्पेरो
दुसऱ्या आणि पाचव्या वाक्यासाठी. रिओ दे ला प्लाताच्या परिसरात, म्हणजे अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये, हा शब्द कविकल्पना नाही, तो गुराख्याच्या कामाचा भाग आहे. तिथली कुरणं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेचं कुंपण येईपर्यंत उघडी होती. कुंपण नसताना जनावर जागेवर राहतं कसं? केरेन्सिया लावून. त्या कामाला क्रियापद 'आकेरेन्सियार'.

घोड्यांची पद्धत: कळपाला 'त्रोपिया' म्हणतात. त्यात एक घोडी, 'माद्रिना', गळ्यात घंटा. बाकीचे खच्ची केलेले घोडे तिच्याभोवती. नवा घोडा आला की त्याला काही दिवस घोडीच्या मानेला मान जोडून बांधतात. दिवसभर तिच्याच चालीने चरायचं, तिच्याबरोबरच पाण्यावर जायचं. सोडल्यावर तो घंटेचा आवाज सोडून जात नाही. मग रात्री फक्त घोडीचे पाय बांधले की सगळा कळप जागेवर. चूक कुठे होते? लवकर सोडण्यात. एकदा का घोडा जुन्या कुरणाच्या वाटेला लागला की तो कित्येक मैल न चरता जातो.

गुरांची पद्धत: त्यांना ठरावीक दिवशी एकाच मोकळ्या जागेवर गोळा करायचं, त्या जागेला 'रोदेओ' म्हणतात. डार्विन १८३३ मध्ये आजच्या उरुग्वेत होता, त्याने हे लिहून ठेवलंय: आठवड्यातून दोनदा गुरं मध्यवर्ती जागी हाकायची. दहा-पंधरा हजार गुरं मोजणार कशी? तर ती आपोआप ४० ते १०० च्या टोळ्यांत वाटली जातात, प्रत्येक टोळीत खुणेचे काही प्राणी असतात, आणि एक जरी कमी झालं तरी त्या टोळीवरून कळतं. वादळी रात्री सगळी सरमिसळ होते, सकाळी पुन्हा आपापल्या टोळीत. म्हणजे केरेन्सिया जागेची असते तशी सोबत्यांचीही असते. काबेस्त्रोसचं गणितही तेच.

म्हणून 'होमिंग इन्स्टिंक्ट' मला खटकतो. इन्स्टिंक्ट जन्मजात. केरेन्सिया लावता येते, मोडता येते, बदलता येते.

निरुक्त
हा मुद्दा कोशातही दिसतो. 'वाढल्या जागी किंवा जिथे जायची सवय आहे तिथे', दोन्ही दिलंय.

पम्पेरो
अवांतर: सीमेपलीकडे ब्राझीलच्या दक्षिणेत पोर्तुगीजमध्ये 'केरेन्सिया' म्हणजे सरळ जन्मभूमी, मुलूख. तिथले लोक उत्तरेला मातो ग्रोसोत शेतीसाठी गेले आणि त्यांनी वसवलेल्या एका गावाचं नावच 'केरेन्सिया' आहे. सोडून आलेल्या मुलुखाचं नाव नव्या गावाला.

समई
पोर्तुगीज म्हटल्यावर गोव्यातलं कुणीतरी 'सौदाद' काढणारच, म्हणून मीच काढते. तो आणि हा एकच का?

पम्पेरो
नाही. सौदादमध्ये गोष्ट हाताशी नसते, म्हणून ती आठवते. केरेन्सियात बैल तिथेच उभा असतो आणि हलत नाही.

ढाबळ
कबुतरांचा उल्लेख कसा नाही? स्पॅनिश कबुतरवाले ढाबळीच्या ओढीला केरेन्सियाच म्हणतात, आणि पम्पेरो म्हणतात ते कबुतरात आणखी स्पष्ट दिसतं.

पिल्लू साधारण महिन्याचं, उडायला लागायच्या आत नव्या ढाबळीत आणलं तर ती ढाबळ त्याची. छतावर जाळीचा पिंजरा ठेवून आठवडा-दोन आठवडे त्याला आजूबाजूची घरं, झाडं बघू द्यायची. पहिली सोडणी उपाशीपोटी, दाण्याच्या वेळेच्या जरा आधी, म्हणजे डबा वाजवला की खाली उतरतं. भरल्या पोटी सोडलं की शेजारच्या छतावर जाऊन बसतं आणि तिथलंच होतं.

उडून मुरलेलं मोठं कबुतर विकत घेतलं तर त्याला सोडायचंच नाही. दोन वर्षं बंद ठेवून उघडलं तरी जुन्या ढाबळीकडे गेल्याची उदाहरणं कबुतरवाल्यांत नेहमीची. त्याची जोड लावायची आणि पिल्लं उडवायची. तेव्हा इन्स्टिंक्ट अगदीच चूक नाही: परत यायची ताकद जन्मजात, परत कुठे यायचं ते शिकवलेलं.

गप्पिष्ट
मांजर जागेचं, कुत्रं माणसाचं. आमचा प्रबंध संपला.

कलंदर११
तिसऱ्या वाक्यात एवढं काही नाही. डाव्या बगलेवरचा खेळाडू संधी मिळेल तिथे डावीकडे सरकतो. 'डाव्या बगलेकडे कल' लिहून मोकळ्या व्हा.

निरुक्त
कलंदर यांना दुजोरा, आणि त्यातून एक सोपी चाचणी मिळते. शब्दाच्या मागे-पुढे काय आलंय ते बघायचं. 'केरेन्सिया पोर' आलं की बहुधा आवड किंवा कल, वर्तमानपत्री वापर, बैल विसरा. 'केरेन्सिया आ' आणि पुढे मैदानातली जागा आली की बुलफाइट. 'ला केरेन्सिया' असं नुसतं आणि आधी परतण्याचं किंवा ओढण्याचं क्रियापद आलं की घर, कुरण, गाव. 'तोमार केरेन्सिया' आलं की सवय लागणं. 'नुएस्त्रा' (आमची) किंवा स्पॅनिश 'मी' (माझी) लागलं की माणूस स्वतःबद्दल बोलतोय आणि तिथे भाषांतर सगळ्यात अवघड.

एक स्पॅनिश म्हणही ठेवा जवळ: 'ला काब्रा तिरा आल मोन्ते', बकरी डोंगराकडेच ओढते. इथे 'तिरा' तेच आहे जे तुमच्या घोड्याच्या वाक्यात. पण म्हणीत टोमणा आहे, आपल्या 'जित्याची खोड'सारखा. घोड्याच्या वाक्यात टोमणा नाही. तो आणू नका.

पाटकरी
चौथं वाक्य राहिलंय आणि खरा पेच तिथेच आहे.

न्यू मेक्सिकोत स्पॅनिश वस्ती १५९८ पासून. रिओ ग्रान्देच्या वरच्या खोऱ्यातली गावं 'आसेकिया'वर जगतात. आसेकिया म्हणजे नदीतून काढलेला सामायिक पाट, शब्द अरबी. पाण्याचे भागधारक 'पार्सियान्तेस', त्यांनी निवडलेला 'मायोर्दोमो' पाळ्या लावतो, आणि वसंतात सगळ्यांनी फावडी घेऊन पाट साफ करायचा. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत बंधारा, पाट, पाळी आणि पाटकरी असतो, तेव्हा आपल्या वाचकाला हे परकं वाटू नये.

तिथे केरेन्सिया म्हणजे हे सगळं मिळून: पाट, त्याखालची शेतं, वरचं सामायिक रान, चर्च, दफनभूमी. १८४८ च्या तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि पुढच्या दशकांत सामायिक रानं बऱ्याच गावांच्या हातून गेली. म्हणून 'नुएस्त्रा केरेन्सिया' म्हणताना दावाही असतो: ही जागा आमची आणि आम्ही तिचे. 'होमलँड' फार मोठा, त्याला झेंडा लागतो. 'सेन्स ऑफ प्लेस' सेमिनारमधला.

समई
'वतन'? जमीन, हक्क आणि गाव, तिन्ही आहे.

पाटकरी
उर्दूत 'वतन' बसेल. मराठीत बसणार नाही. आपल्याकडे वतन म्हटलं की गावगाड्यातलं पद, पिढीजात चाकरी आणि जात येते. १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं ते महार वतनाच्या जाचाविरुद्धच. ज्यांना वतनातून सुटायचं होतं त्यांच्या वंशजांना 'आमचं वतन' हा मायेचा शब्द कसा वाटेल?

खुंटा
'गावशिवार' म्हणा. शिवारात शेत, रान, ओढा सगळं येतं आणि त्याला कुणाचा झेंडा नाही.

करुणाष्टक
'माहेर' का नको? ओढ आहे, जागा आहे, हक्क आहे.

मधलीसुट्टी
माहेर सुंदर आहे, पण ते सोडून यावं लागतं तेव्हाच माहेर होतं. पाटकरींची माणसं तिथेच राहताहेत, फावडं घेऊन पाट काढताहेत. शिवाय बैलाला माहेर दिलं तर हसू येईल.

बोलघेवडा
बैलाच्या माहेरी तोरिलेसचा दरवाजा बंद असतो.

शब्दवेडी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सध्या हे ठरवतेय:

१. 'बैल फळ्यांशी ठाण मांडू पाहतोय.' पुढच्याच वाक्यात त्याला मध्यावर काढायचा प्रयत्न आहे आणि तो अजून पूर्ण टेकलेला नाही, म्हणून निरुक्त यांचं 'पाहतोय' उचललंय.
२. 'घोडा घराकडे ओढतो.' ओढ नाम न ठेवता क्रियापद केलं.
३. 'डाव्या बगलेकडे कल.'
४. पहिल्या वेळी 'आमची केरेन्सिया, आमचं गावशिवार' असं जोडून, पुढे नुसतं केरेन्सिया. तळटीप एकच, इथेच.
५. 'गावात रुळला.'

खुंटा
पाचव्यात 'रुळला' घेताना बघा, तो माणूस किती वर्षं राहिला? रुळायला सहा महिने पुरतात. रुळलेला माणूस उद्या बदली झाली तर निघून जातो.

शब्दवेडी
मरेपर्यंत राहिला. लेखात तिथेच पुरल्याचं आहे.

पम्पेरो
मग 'रुळला' हलकं पडेल. आकेरेन्सियादो माणसाला कुणी बांधलेलं नसतं, आणि तरी तो जात नाही.

खुंटा
'गावचाच होऊन गेला.'

शब्दवेडी
घेतलं. जाता जाता सहावं, पुढच्या लेखातलं: 'लो दिहो पोर मालकेरेन्सिया.' इथेही जागा शोधायची का?

निरुक्त
नाही. 'माल' लागलं की फक्त 'केरेर' उरतो. 'आकसाने बोलला.' याच्या उलट बिएनकेरेन्सिया, सद्भाव. इथे बैल, घोडा, कबुतर काही नाही.

ढाबळ
कबुतराला तरी ठेवायचं होतं.